बोटभर फट

फट ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. जोवर ती नजरेस पडत नाही, तोवर ती नसतेच; आणि एकदा का नजरेस पडली, की मग दुसरे काहीच दिसत नाही. कपाट वर्षानुवर्षे घरात असते, त्यातून आपण रोज सदरे काढतो, ठेवतो. पण त्याच्या दोन दारांमधली फट वर बारीक आणि खाली जाड आहे, हे एखादा पाहुणा जाता जाता सांगून गेला, की त्या कपाटासमोर बसून जेवण गोड लागत नाही.

अशी एक फट अडीच वर्षे माझ्या मागे लागली होती. ती माझ्या मोटारीच्या पुढच्या बंपराला होती. निदान ती तिथे आहे असे मला वाटत होते.

मोटार म्हणजे काही फार नव्हे, मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत या गाडीची पहिली चावी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तेव्हा मी बँकेत कारकून होतो. मोटार म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि त्या दोन्ही डॉक्टर-वकिलांसाठी असतात, अशी माझी समजूत होती. पुढे पंधरा वर्षांनी, १९९८ साली, ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे ते इवलेसे इंजिन आमच्याही दारात येऊन धडधडू लागले. गाडी घेताना तीस हजार रुपये कमी पडत होते. ते दादाने दिले. फेडायला मला चार वर्षे लागली आणि त्या चार वर्षांत दादाने एकदाही पैशाचा विषय काढला नाही. २०१४ साली या गाडीचे उत्पादनही बंद झाले. पण माझी गाडी अजून चालते. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला आर.टी.ओ.त नेतो, तपासणी करून नोंदणी नवी करून आणतो. लोक नातवंडांच्या वाढदिवसाच्या तारखा ध्यानात ठेवतात. मी ही तारीख ठेवतो.

२०२२ च्या मे महिन्यात दादाच्या मुलीचे लग्न होते. पत्रिका वाटायला म्हणून दादा माझी गाडी घेऊन गेला. हे काही नवे नव्हते. त्याची स्कूटर आणि माझी गाडी यांची अदलाबदल आमच्यात नेहमीचीच. संध्याकाळी गाडी आणून लावली आणि चावी देताना तो म्हणाला, "अरे, कोथरूडला वळवताना फाटकाच्या खांबाला जरा टेकली हं. डाव्या बाजूला. विशेष काही नाही."

मी खाली जाऊन पाहिले. बंपराच्या डाव्या टोकाला एक खरचटा होता. पण बंपर आणि मडगार्ड यांच्यामध्ये, जिथे पूर्वी नखसुद्धा गेले नसते, तिथे आता सबंध बोट जात होते. उजव्या बाजूला मात्र दोन्ही एकमेकांना चिकटून बसलेले. गाडी तोंड वाकडे करून माझ्याकडे बघते आहे असे वाटले.

दादा म्हणत होता 'टेकली'. मी म्हणत होतो 'धडकली'. या दोन क्रियापदांवरून भावाभावांत भांडण होईल असे व्याकरणकारांना कधी वाटले नसेल. पण झाले. लग्नाच्या पंगतीत दादा जिलबीचा आग्रह करत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "जिलब्या जरा कमी वाढ दादा. त्या पैशांत माझा बंपर तेवढा भरून दे."

शेजारी व्याही बसले होते. त्यांनी आपल्या ताटाकडे पाहिले. दादाच्या हातातली जिलबी हातातच राहिली. ते मी विनोदाने बोललो, असे पुढे मी पुष्कळांना सांगितले. पण ज्या विनोदाला हसणारा एकही माणूस मिळत नाही त्याला विनोद म्हणणे कठीण आहे. दुसऱ्या दिवशी पुतण्या एक पाकीट देऊन गेला. आत साडेचार हजार रुपये आणि चिठ्ठीवर दोनच शब्द : 'बंपरच्या दुरुस्तीसाठी.'

ते पैसे परत करायचे मला सुचले नाही, असे नाही. सुचले, पण तेवढ्यात फट पुन्हा नजरेस पडली.

आमच्या घराजवळच एक चकाचक गॅरेज आहे. तिथे गाडी दिली. त्यांनी बंपराचे डावीकडचे भोक कानशीने लांबट केले, बंपर मागे ओढून बोल्ट आवळला, त्यावर रंगाचा फवारा मारला आणि साडेचार हजार मोजून घेतले. चार दिवस फट गायब होती. पाचव्या दिवशी कर्वे रस्त्यावरच्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि फट आपले व्याज बरोबर घेऊन परत आली. पुन्हा गॅरेजात गेलो, तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "काका, जुनी गाडी आहे. आता एवढं चालायचंच."

मग मी घरगुती उपाय सुरू केले. रबराची पट्टी कोंबून पाहिली. ती पावसात निघून गेली. काळी लांबी भरून पाहिली; तिला उन्हाने भेगा पडल्या. म्हणजे जिथे एक फट होती तिथे तीन झाल्या. रोज सकाळी गाडी पुसताना फट दिसे, फट दिसली की दादा आठवे, आणि दादा आठवला की फडके जरा जास्तच जोरात चाले. सौ. एकदा गॅलरीतून म्हणाली, "अहो, गाडी पुसताय की भांडताय?"

दादा आमच्याकडे यायचा बंद झाला. मीही गेलो नाही. भाऊबीजेला मात्र ताईकडे जाणे दोघांनाही भाग होते. त्यावर दादाने तोड काढली. तो सकाळी जाऊ लागला आणि मी संध्याकाळी. २०२२ ची भाऊबीज अशी झाली, २०२३ चीही तशीच झाली. ताई दोनदा रांगोळी काढी, दोनदा निरांजन लावी आणि चकार शब्द बोलत नसे. फक्त दुसऱ्या वर्षी मला ओवाळताना म्हणाली, "सकाळचंच तेल आहे रे निरांजनात. नवं घातलं नाही."

गेल्या वर्षी पावसाळ्यात गाडीने आणखी एक खोड दाखवली. चालकाच्या बाजूचे, म्हणजे उजवे दार उघडताना कुरकुरे आणि दाराच्या कडेचा रंग टवका टवका उडे. बंपराशी याचा काही संबंध असेल असे मला स्वप्नातही वाटले नाही. एका मित्राने नाना पेठेतल्या मिस्त्रींचे नाव सुचवले. तिथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यांच्या मागे एका बोळात त्यांचे पत्र्याचे छप्पर. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर जाड भिंगे, आणि हातोडी अशी हलकी धरायची पद्धत, की जणू काही तबल्याला लावायची आहे.

मी अर्थातच बंपरापासून सुरुवात केली. दादाचे नाव न घेता, पण 'कुणीतरी धडकवली' या शब्दांवर जोर देऊन, सगळी हकीकत सांगितली. मिस्त्रींनी बंपराकडे पाहिलेही नाही. ते गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथून फटींवरून अंगठा फिरवत फिरवत पुढे आले.

"साहेब, बंपर शेवटी," ते म्हणाले. "बंपर हा घरातला सगळ्यात धाकटा. सगळे कसे बसलेत, तसा तो बसतो."

मग त्यांनी मला जे शिकवले ते मला पंचवीस वर्षे गाडी वापरून कळले नव्हते. गाडीच्या सांगाड्याचा काही पत्रा कायमचा जोडलेला असतो. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्डिंगने पक्का केलेला; तो हलत नाही. म्हणून हिशेब तिथून सुरू करायचा. त्याला धरून मागचे दार, मागच्या दाराला धरून पुढचे दार, पुढच्या दाराला धरून मडगार्ड, दोन मडगार्डांना धरून बॉनेट, आणि हे सगळे जागेवर आल्यावर मग बंपर. दारे बिजागऱ्यांवर आणि मडगार्ड-बॉनेट बोल्टांवर बसतात. बोल्टांची भोके मुद्दाम जरा मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. बोल्ट सैल केले की पत्रा सुताने सरकतो. जे हलत नाही त्याच्या मापाने जे हलते ते लावायचे. जो बंपरापासून सुरुवात करतो, तो चुकीच्या मापाला माप लावत बसतो.

"पण मुळात फट ठेवायचीच कशाला?" मी विचारले. "घट्ट बसवून टाका ना."

मिस्त्री हसले. "घट्ट बसवली तर दार उघडायचं कसं?"

दार बिजागरीवर फिरते, तेव्हा त्याची कड सरळ बाहेर येत नाही, कमानीने येते. तिला वळायला जागा लागते. खड्ड्यात गाडी आदळली की सबंध सांगाडा किंचित पिळतो आणि परत येतो. तेव्हा पत्र्याला पत्रा लागता कामा नये. शिवाय ऊन. मीटरभर लांबीचा पोलादी पत्रा चाळीस अंशांनी तापला की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे मेच्या दुपारी उभी केलेली गाडी तेवढी सहज तापते. प्लॅस्टिकचा बंपर तर पत्र्याहून कितीतरी अधिक वाढतो. म्हणून जागा सोडावी लागते. जिथे ती उरत नाही तिथे रंग उडतो, आणि रंग उडाला की गंज आत शिरतो.

"फट बुजवायची नसते साहेब," मिस्त्री म्हणाले. "सगळीकडे सारखी करायची असते."

त्यांनी बॉनेट उघडले आणि इंजिनाच्या खणात एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला. मग दुसऱ्या कोपऱ्यापासून दुसऱ्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. चौकट काटकोनात असेल तर ही दोन्ही मापे सारखी यायला हवीत. ती आली नाहीत. सात मिलिमीटरांचा फरक निघाला. मग त्यांनी बंपर उतरवला, गुडघे टेकून आत बॅटरी मारली आणि मला खाली वाकायला सांगितले.

"हे बघा. बंपर ज्या दोन लोखंडी हातांवर बसतो, त्यातला डावा सरळ आहे. उजवा आत गेलाय. उजवा आत गेला म्हणून बंपराचं उजवं टोक मडगार्डाला चिकटलं आणि डावं टोक बाहेर आलं. तुम्हाला फट डावीकडे दिसते. मार उजवीकडचा आहे. मडगार्डही मागे सरकलंय, म्हणून तुमचं दार कुरकुरतं."

"पण ती तर डावीकडे धडकली होती," मी म्हणालो.

"डावीकडे नुसतं खरचटलंय. प्लॅस्टिक आहे, हलका धक्का लागला तर दबतं आणि परत येतं." त्यांनी उजव्या हाताच्या वाकणावरचा रंग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला. खालून तांबूस पापुद्रे सुटले. "आणि हा मार आजकालचा नाही. गंज बघा किती खोल आहे. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. कुणीतरी हातोडीनं ठोकून, लांबी भरून, वरून रंग दिलाय. आणि डावं टोक बाहेर येऊ नये म्हणून आतून बांधून टाकलं होतं. ही बघा तार."

त्यांच्या तळहातावर गंजून तुटलेला तारेचा तुकडा होता. दोन पदरी, पीळ घातलेला.

मी तो तुकडा ओळखला.

२००९ च्या पावसाळ्यात मी एकटाच महाडहून वरंधा घाटाने परत येत होतो. धुके होते. एका वळणावर समोरून एस.टी. आली आणि मी गाडी बाजूला घेतली ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर. उजवीकडे कशी लागली ते विचारू नका. घाबरलेला माणूस कुठली बाजू घेईल याचा नेम नसतो. भोरच्या अलीकडे एका टपरीवर एका पोराने हातोडी मारून, पत्रा जमेल तसा बाहेर काढून दिला. आणि बंपराचे डावे टोक बाहेर येऊ लागले, तेव्हा त्याने ते आतून तारेने आवळले. पीळ देताना तारेचे दुसरे टोक मी स्वतः पकडीने धरले होते. पुढे आठवड्याने रंगही मीच देऊन घेतला. घरी सांगितले, 'खड्डा लागला.' दादाने विचारले तेव्हा त्यालाही तेच सांगितले. आणि मग मी ती गोष्ट विसरून गेलो. खोटे बोललो म्हणून नव्हे. इतक्या सहज बोललो की ते लक्षात ठेवायची गरजच वाटली नाही.

तेरा वर्षे तो बंपर एका तारेच्या जोरावर हसतमुख उभा होता. दादाची गाडी खांबाला टेकली, गंजलेली तार तुटली, आणि आतला सगळा ताण सुटला. गाडी खरोखरच टेकली होती.

मिस्त्रींना यातले काही मी बोललो नाही. पण त्यांच्या भिंगांतून बहुधा सगळे दिसत असावे. ते एवढेच म्हणाले, "होतं असं. शेवटचा ज्याचा हात लागला, नाव त्याचं."

दोन दिवस काम चालले. दोन्ही दिवस मी तिथेच एका उलट्या डब्यावर बसून होतो. गाडी मागून खांबाला बांधली, वाकलेल्या भागाला पुढून साखळी लावली आणि हळूहळू ओढली. थोडे ओढायचे, थांबायचे, दोन्ही तिरकी मापे घ्यायची. बरोबर जागेवर आले तेव्हा मी म्हणालो, "झालं की." मिस्त्रींनी मान हलवली आणि आणखी थोडे ओढले. साखळी सोडल्यावर लोखंड किंचित मागे गेले आणि मग नेमके जागेवर बसले. वाकलेल्या लोखंडाला वाकण्याची सवय झालेली असते. त्याला सरळ करायचे तर गरजेपेक्षा थोडे जास्तच ओढावे लागते.

मग दारांच्या बिजागऱ्या, मग मडगार्ड, मग बॉनेट. एक बोल्ट एकदम आवळायचा नाही. सगळे आळीपाळीने थोडे थोडे, नाहीतर एक आवळताना दुसरा सरकतो. शेवटी फटी तपासायची वेळ आली. मिस्त्री इकडेतिकडे पाहत म्हणाले, "एखादं जाड कार्ड आहे का? माझ्या पट्ट्या पोरानं कुठं टाकल्या कोण जाणे."

मी गाडीतला पुढचा खण उघडला. आत पी.यू.सी.ची जुनी कागदपत्रे, एक फडके आणि एक पाकीट. दादाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. त्या दिवशी वाटायची राहून गेलेली. पाकिटावर दादाच्या अक्षरात कोथरूडच्या कुणाचे तरी नाव होते.

"जाड आहे," मिस्त्री म्हणाले. "चालेल. फाडू?"

"गणपती आहे तो भाग ठेवा," मी म्हणालो.

त्यांनी पुठ्ठ्याच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या, एकीवर एक ठेवून चार मिलिमीटरांची जाडी केली आणि ती चवड दारांच्या, मडगार्डांच्या, बॉनेटच्या फटींतून फिरवली. अडकली नाही, सैलही झाली नाही. मग बंपर चढवला. डावीकडे पट्टी घातली, उजवीकडे घातली. बोल्ट आवळले. त्यांनी उजवे दार उघडून मिटले. इतक्या वर्षांनी ते दार काही न बोलता मिटले.

पैसे देताना मी विचारले, "त्या तारेचं काय करणार?"

"भंगारात," ते म्हणाले. मी ती मागून घेतली.

२०२४ च्या भाऊबीजेला मी ताईकडे संध्याकाळी न जाता सकाळी गेलो. दादा आधीच येऊन बसला होता, वर्तमानपत्र उघडून. मला पाहून त्याने वर्तमानपत्र थोडे वर केले. काय बोलायचे ते मी येताना वाटेत तीनदा पाठ केले होते; त्यातले एक वाक्य आठवेल तर शपथ. मी खिशातून तो तारेचा तुकडा काढून त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवला आणि वरंधा घाटापासून सगळे सांगून टाकले. दगड, टपरी, पकड, 'खड्डा लागला' हे सगळे. शेवटी म्हणालो, "दादा, गाडी टेकलीच होती. आणि पंगतीत मी जे बोललो, ते गाडी धडकली असती तरी बोलायचं नव्हतं."

आणि खिशातून पाकीट काढले. त्यात साडेचार हजार होते.

दादाने वर्तमानपत्राची नीट घडी केली. पाकिटाकडे पाहिले नाही. तार उचलून उलटीसुलटी केली. मग म्हणाला, "गाडी कुठं लावलीयस?"

"खाली."

तो तसाच अनवाणी जिना उतरला. मी मागोमाग. खाली येऊन तो गाडीसमोर उकिडवा बसला, बंपराच्या उजव्या टोकाशी बोट लावून पाहिले, मग डाव्या टोकाशी लावले. बराच वेळ काही बोलला नाही. मी श्वास धरून उभा.

"डावीकडे किंचित जास्त वाटते," तो म्हणाला.

होतीच. अर्ध्या मिलिमीटराचा फरक असेल. नाना पेठेतून घरी येईपर्यंत माझ्याही लक्षात आला होता. "असू दे," मी म्हणालो. "सव्वीस वर्षांची गाडी आहे. एवढं चालायचंच."

दादा उठला. गुडघ्याला हात लावून उठताना त्याने आधारासाठी माझा खांदा धरला आणि उठून झाल्यावरही लगेच सोडला नाही. "पैसे ताईच्या ओवाळणीत घाल," तो म्हणाला. "दोन वर्षं तिनं दोन-दोनदा स्वयंपाक केलाय."

इतक्यात वरून ताईची हाक आली, "अरे, येताय ना दोघं? पाट मांडलेत. निरांजनात नवं तेल घातलंय."